ड्रोननं पार्सल पोचवायच्या धंद्यात २५ लाख घालावेत का? कोल्हापुरात हे चालेल का?

कागल_ट्रान्सपोर्ट

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे आणि नीट पाहिजे, कारण पैसे घरचे आहेत. आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा, वडिलांनी एका गाडीवर चालू केलेला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं कास्टिंग चाकणला नेतो आणि चार छोटे हत्ती शहरात कुरिअरच्या पार्सलला लावलेत. आता ओळखीतला एक जण प्रपोजल घेऊन आलाय. ड्रोन डिलिव्हरीत या, २५ लाख घाला, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याचे हक्क तुमचे, ड्रोन कंपनी देणार, सॉफ्टवेअर कंपनीचं, पायलट आणि जागा आपली. त्याच्या कागदावर असं आहे की राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क अशा भागात १० मिनिटांत औषधं, किराणा, जेवण पोचवायचं आणि दीड वर्षात भांडवल वसूल.

मला या विषयाची ओढ आहे हे आधीच सांगतो. डिझेल, टायर आणि ड्रायव्हर मिळेना या तीन गोष्टींनी धंदा दमलाय, भाडं वाढवून मागितलं की पार्टी दुसऱ्याकडं जाते, त्यामुळं पुढच्या दहा वर्षांचं काहीतरी उभं करावं असं मनापासून वाटतंय. पण वडील म्हणतात जे डोळ्यांनी चाललेलं बघितलं नाही त्यात घालू नको, आणि त्यांचंही चूक नाही. तर हा धंदा कुठंतरी खरंच नफ्यात चाललाय का, आपल्या जिल्ह्यात चालेल का, आणि धंदा नाही तर निदान शेअरमध्ये पैसे टाकून ठेवावेत का? माहिती असणाऱ्यांनीच लिहा, उगीच धीर देऊ नका.

हिशेब_पक्का

दादा, मी शाहूपुरीत सीए आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांची बरीच खाती बघतो, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. आधी ते "हक्क" प्रकरण. २०२१ चे ड्रोन रूल्स मी वाचलेत, त्यात सरकार कुणाला जिल्हा तोडून देत नाही. उद्या दुसरी कंपनी सगळ्या परवानग्या घेऊन आली तर तिला तुम्ही अडवू शकत नाही. म्हणजे हक्काच्या नावाखाली जे पैसे मागतायत ते फक्त त्या कंपनीच्या नावाचे आहेत, आणि त्या नावानं उद्या गिऱ्हाईक येणार आहे का हे तुम्ही बघायचं.

आता बाहेरचं बघू. ॲमेझॉनच्या जेफ बेझोसनी २०१३ च्या डिसेंबरात टीव्हीवर सांगितलं होतं की चार-पाच वर्षांत ड्रोन घरी पार्सल आणून देतील. गिऱ्हाइकांना पहिली पार्सलं गेली २०२२ च्या शेवटी, कॅलिफोर्नियातल्या लॉकफर्ड आणि टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशन या दोन ठिकाणी, आणि त्यातलं लॉकफर्ड २०२४ मध्ये बंद केलं. वॉलमार्टचं काम करणारी ड्रोनअप म्हणून कंपनी होती, २०२४ मध्ये तिनं फिनिक्स, सॉल्ट लेक सिटी आणि टॅम्पा इथली केंद्रं गुंडाळली, आणि तिच्या प्रमुखानं तेव्हा सांगितलं की एका डिलिव्हरीला साधारण ३० डॉलर खर्च येतो, तो ७ डॉलरच्या खाली आला तरच जमेल. म्हणजे अडीच हजार रुपयांचं काम सहाशेत करायचं होतं. ही त्या देशाची गोष्ट, जिथं माणूस महाग आहे! आपल्याकडं पोरगा बाईकवर शहरात ४०-५० रुपयांत पार्सल टाकून येतो, आणि एका फेरीत दहा घरं करतो.

हा दहा घरांचा मुद्दा प्रपोजलमध्ये कधीच नसतो. ड्रोन एका खेपेत एकाच ठिकाणी जातो आणि रिकामा परत येतो. रिकामी परत येणारी गाडी तुम्ही किती दिवस चालवाल?

साधा अंदाज मांडतो, आकडे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एक ड्रोन सतत उडता ठेवायचा तर दोन लागतात, १० लाखाला एक धरला तर २० लाख, चार वर्षांत घसारा, महिना झाला साधारण ४२ हजार. दोन पायलट आणि खाली माल भरायला-उतरवायला दोन पोरं, ९० हजार. बॅटऱ्या १५, दुरुस्ती आणि विमा २०, जागा-लाईट-नेट १५. गेले महिन्याला १ लाख ८२ हजार. दिवसाला १० खेपा आणि महिन्याला २५ दिवस उडाला तर खेपेला ७२७ रुपये. दिवसाला ४० खेपा झाल्या, बॅटरीचा खर्च ४० हजारावर नेला, तरी २०७ रुपये. बिर्याणीच्या डिलिव्हरीला २०७ रुपये कोण देणार सांगा. तरी यात तुमचे २५ लाख अडकल्याचं व्याज धरलेलंच नाही.

बघा, खर्चात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा आहे. वीज तर कुठं दिसतही नाही. एक माणूस एका वेळी १०-१५ ड्रोनवर लक्ष ठेवू शकला तरच हे गणित पालटतं, आणि मोठ्या कंपन्या सगळा जोर तिथंच लावतायत. आपल्या कायद्यात आज ते बसतं का हे ड्रोन उडवणाऱ्यांनी सांगावं.

ऊस_फवारणी_शिरोळ

मी सांगतो की. माझ्याकडं पायलटचं सर्टिफिकेट आहे, शिरोळ तालुक्यात ऊस आणि सोयाबीनवर फवारणी करतो, १० लिटरचा ड्रोन.

पहिलं म्हणजे सीए साहेबांच्या शेवटच्या प्रश्नाचं. साधा नियम हा आहे की ड्रोन पायलटच्या नजरेत पाहिजे. नजरेआड उडवायला वेगळी परवानगी लागते, आणि ज्या बातम्या आपण वाचतो त्या बहुतेक अशा खास परवानगीवर झालेल्या चाचण्यांच्या असतात. अमेरिकेत झिपलाईन, विंग अशा कंपन्यांना २०२३ मध्ये वाटेत माणसं उभी न करता नजरेआड उडवायची परवानगी मिळाली, त्यानंतर तिकडं वेग आला. तेव्हा तुमच्या प्रपोजलवाल्याला पहिला प्रश्न विचारा, की नजरेआडची परवानगी कुणाच्या नावावर आहे, कुठल्या मार्गाची आहे, कागद दाखवा. नुसतं "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला तर चहा पाजून पाठवा.

दुसरं, आणि हे कुणीच बोलत नाही, आपलं विमानतळ. उजळाईवाडी. नियम असा आहे की चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत पिवळा झोन, तिथं कितीही खालून उडवायचं म्हटलं तरी एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळं, त्यावर पिवळा. १२ च्या पलीकडं ४०० फुटांपर्यंत हिरवा. डिजिटल स्कायचा, म्हणजे सरकारच्या ड्रोनच्या वेबसाईटचा, नकाशा उघडा आणि राजारामपुरी कुठं येते बघा, उद्यमनगर बघा, गोकुळ शिरगाव तर धावपट्टीला खेटूनच आहे. त्याच्या कागदावरचं बहुतेक शहर पिवळ्यात आहे भावा. रोज ४० वेळा परवानगी मागत जेवण पोचवणार काय? आता विमानंही वाढलीत, ते कमी होणार नाही.

तिसरं हवेचं. फवारणीत मी सकाळी लवकर उडवतो आणि वारं सुटलं की गुंडाळतो. डिलिव्हरीवाल्याला गिऱ्हाईक दुपारी तीनलाही पाहिजे. आमची बॅटरी भर टाकी घेऊन दहा-बारा मिनिटंसुद्धा टिकत नाही, म्हणून बांधावर जनरेटर चालू ठेवून एक उतरवली की दुसरी चढवायची, उतरलेली गरम असते ती गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. पंख असलेल्या ड्रोनचं वेगळं, तो विमानासारखा जातो, त्याला लांबचा पल्ला मिळतो. पण चार पंख्यांचा ड्रोन घेऊन १५ किलोमीटर जायच्या गोष्टी कुणी करत असेल तर वजन किती आणि परत येणार का हे विचारा. आणि घारी! वसंतात घरट्याजवळ गेलं की घार अंगावर येते. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये २०२१ ला कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांनी विंगच्या ड्रोनवर हल्ले केले म्हणून एका भागात सेवा थांबवायला लागली होती. शिवाय महावितरणच्या तारा, टॉवर, टेरेसवरच्या टाक्या.

मी ड्रोनच्या विरोधात नाही हां, माझं घर त्यावर चालतं. उसात माणूस शिरत नाही तिथं ड्रोन जातो, म्हणून शेतकरी एकरी पैसे देतो. जिथं दुसरा इलाज आहे तिथं कोण जास्त पैसे देईल?

कागल_ट्रान्सपोर्ट

दोघांचेही आभार, एवढं कुणी फोडून सांगितलं नव्हतं. नकाशा उघडून बघितला, खरंच आहे, शहर बहुतेक सगळं पिवळ्यात. मग प्रपोजलचा पायाच गेला की. पण फवारणीवाले दादा शेवटी जे बोललात, दुसरा इलाज नाही तिथं, ते डोक्यात बसलं. असं काम आपल्या जिल्ह्यात कुठलं?

लॅबवाली

मी सांगते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कलेक्शनचं काम बघते, कोल्हापुरात मुख्य लॅब आणि तालुक्यांत कलेक्शन सेंटर. दादा, तुम्ही पार्सलचा विचार सोडा आणि सॅम्पलचा करा.

गगनबावड्याकडचं सॅम्पल कसं येतं ते सांगते. सकाळी सातला रक्त काढलं की ट्यूब रॅकमध्ये, रॅक थर्माकोलच्या डब्यात, दोन बाजूंनी बर्फाची पाकिटं, वर चिकटपट्टी, त्यावर मार्करनं लॅबचा नंबर. मग तो डबा वडापच्या जीपवाल्याकडं द्यायचा. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. कळ्यात थांबतं, बालिंग्यात थांबतं, रंकाळ्यावर आमचा मुलगा बाईक घेऊन उभा असतो आणि त्याचं लक्ष फक्त त्या डब्याकडं. बर्फ संपलेला असला, ट्यूबमधल्या रक्तपेशी फुटलेल्या असल्या, की पोटॅशियमचा आकडा खोटा येतो आणि पेशंटला परत बोलवायला लागतं. म्हातारी बाई परत तेवढ्यासाठी येते किंवा येतच नाही. पावसात मांडुकलीजवळ पाणी आलं की तर रस्ताच बंद. हा खर्च कुठल्या वहीत लिहीत नाहीत, पण लॅब तो भरते, आणि पेशंट त्याहून जास्त भरतो.

डब्याचं वजन दोन-अडीच किलो. रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन ठिकाणांमध्ये. गिऱ्हाईक एकच आणि ते महिन्याच्या बिलावर पैसे देणारं. जेवणाच्या ऑर्डरसारखं आज आहे उद्या नाही असं नाही.

आणि रक्ताचं बघा. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. तालुक्याच्या दवाखान्यात साठा करून ठेवायचा तर बराचसा फेकायला लागणार, नाही ठेवावा तर वेळेला मिळत नाही. आफ्रिकेत रवांडामध्ये झिपलाईननं २०१६ पासून हेच काम केलं. रक्त एका जागी ठेवायचं आणि फोन आला की पंखवाल्या ड्रोननं पाठवायचं, ड्रोन उतरतही नाही, वरून पॅराशूटनं खोकं सोडतो आणि परत जातो. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२२ ला त्याचा अभ्यास छापून आला, मुदत संपून वाया जाणारं रक्त ६७ टक्क्यांनी कमी झालेलं. वेळही वाचला पण मला वाटतं खरा पैसा या वाया न गेलेल्या पिशव्यांत आहे, कारण तिथल्या सरकारला दवाखान्या-दवाखान्यात साठा ठेवायची गरज कमी झाली. म्हणून सरकारनं पैसे दिले. २०२४ पर्यंत त्यांच्या १० लाखावर डिलिव्हऱ्या झाल्या.

आपल्या देशातही झालंय. मणिपूरमध्ये २०२१ ला आयसीएमआरनं बिष्णुपूरहून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस पाठवली, रस्त्यानं २६ किलोमीटर, हवेतनं १५, बारा-पंधरा मिनिटांत. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याच राज्यात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ३०० लसी गेल्या, चाळीस मिनिटांचा रस्ता नऊ-दहा मिनिटांत. या सगळ्या ठिकाणी डोंगर, पाणी नाहीतर घाट आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडं पण गगनबावडा आहे, राधानगरी आहे, शाहूवाडी आहे, चंदगड आहे.

घाटमाथा_७७

ताई तुमचं म्हणणं पटतंय पण एक अडचण आहे आणि ती लहान नाही. गगनबावड्यात पाऊस किती पडतो हे तुम्हाला सांगायला नको. रस्ता बंद होतो तो पावसात, आणि ड्रोन उडत नाही तोही पावसात. धुकं तर जूनपासून असं उतरतं की समोरचा माणूस दिसत नाही. ज्या दिवशी ड्रोन पाहिजे त्या दिवशीच तो पेटीत बसून राहणार. २०१९ आणि २०२१ दोन्ही महापुरांत आम्ही घरात अडकलेलो, वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, त्या वाऱ्यात काय उडणार होतं?

शिवाय पूर काय दर वर्षी तेवढा येत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांवर बारा महिन्यांचे पगार कसे निघणार?

लॅबवाली

पावसाचं बरोबर आहे, पण थोडं वेगळं बघा. २०१९ ला पाऊस ओसरल्यावरही पाणी किती दिवस उतरलं नव्हतं! शिरोलीजवळ हायवे बंद होता, शिरोळकडं नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर अशी गावं वेढलेली, वर आभाळ उघडलेलं आणि खाली सगळीकडं पाणी. त्या दिवसांत इन्सुलिन, डायलिसिसचं सामान, सर्पदंशावरचं इंजेक्शन यासाठी लोक बोटीची वाट बघत बसले होते. पुराच्या पाण्याबरोबर साप घरात येतात, आणि इंजेक्शन दुसऱ्या काठावर. उघडलेल्या आभाळात ड्रोन नक्की उडतो.

धंदा पुरावर उभा करा असं मी म्हणतच नाही. रोजचं काम सॅम्पल आणि औषधं, आणि पुरात तेच ड्रोन, तेच पायलट जिल्हा प्रशासनाच्या कामाला. रोज सराव असेल तरच त्या दिवशी हात चालतील. नवशिके पायलट ऐन पुरात आणून काही होत नाही.

ऊस_फवारणी_शिरोळ

हे मी शिरोळचा म्हणून सांगतो, ताई बोलल्या ते खरं आहे. पाणी चढतं पावसात पण उतरतं उन्हात, आमच्याकडं तर कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची फूग यांच्यावर सगळं असतं, पाऊस थांबला म्हणून पाणी थांबत नाही. आणि आमचा भाग विमानतळापासून लांब आहे, हिरव्या झोनमध्ये.

एक करता येईल. शहरातनं उडवायचंच नाही. कळ्यात तळ ठेवायचा, तिथनं पुढं गगनबावड्यापर्यंत आणि धामणी खोऱ्याच्या वाड्यांत ड्रोन, आणि कळे ते कोल्हापूर बाईक किंवा तुमचा छोटा हत्ती. विमानतळाचा प्रश्नच मिटला. शिरोळकडं तसाच एक तळ. तुमच्याकडं गाड्या आहेतच, हे काम नुसत्या ड्रोनवाल्याला जमणार नाही, गाडीवाल्याला जमेल. राधानगरीकडं मात्र अभयारण्याच्या हद्दीचं आधी बघायला लागेल.

हिशेब_पक्का

हा मार्ग मला आवडला, आणि आता माझंच मघाचं गणित परत मांडतो कारण बदलतंय. जाताना औषधं, येताना सॅम्पल. म्हणजे रिटर्न भाडं मिळालं! ७२७ ची खेप दोन गिऱ्हाइकांत वाटली गेली, एकेकाला ३६०-६५. आता त्याच्यासमोर बाईक धरा. गगनबावडा जाऊन-येऊन शंभर-एकशे दहा किलोमीटर, पेट्रोल अडीचशेच्या आसपास, पोराचा अर्धा दिवस तीनशे, साडेपाचशे झाले. जवळपास आलो की! शहरात बाईक ड्रोनला धुऊन काढते कारण दहा घरं एका फेरीत होतात, घाटात एकाच डब्यासाठी जायचं असलं की बाईकचा तो फायदा उरत नाही.

पण दादा, जवळपास आलो म्हणजे नफ्यात आलो असं नाही. दिवसाला १० खेपा मी धरल्या होत्या, तेवढे डबे रोज आहेत का हे आधी मोजायला लागेल, आणि पावसाळ्यातले किती दिवस उडणारच नाही ते वजा करायला लागतील. त्या दिवशी गाडी पाठवायचीच आहे, तो खर्च वेगळा. लॅब आणि औषधांचे होलसेलर यांच्याकडून वर्षाचा लेखी करार मिळत नसेल तर एक ड्रोनसुद्धा घेऊ नका. सरकारी कामावर अवलंबून राहायचं असेल तर बिल निघायला किती महिने लागतात याची तजवीज आधी करा, ट्रान्सपोर्टवाल्याला हे सांगायला नको.

काही गोष्टी बाजूनं आहेत त्याही सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी ड्रोनवर ५ टक्के झाला, आधी १८ आणि २८ होता. २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातनं आणायला बंदी आहे, सुटे भाग येतात, त्यामुळं इथं बनवणारे वाढतायत आणि दुरुस्ती जवळ होईल. उद्यमनगरच्या कारागिरांनी मनावर घेतलं तर मोटारीचे माउंट, फ्रेम, हे सगळं इथं होण्यासारखं आहे, मला त्यात जास्त आशा वाटते. थर्ड पार्टी विमा मात्र नॅनो, म्हणजे अगदी छोटे, सोडून सगळ्या ड्रोनला सक्तीचा, तो चुकवू नका.

दलाल_पेठ

शेअरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दादा, नुसत्या ड्रोन डिलिव्हरीची अशी लिस्टेड कंपनी आपल्या बाजारात शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. विंग ही गूगलची मालक असलेल्या अल्फाबेटची, प्राईम एअर ॲमेझॉनची, त्यांच्या मोठ्या धंद्यात हा भाग दिसतसुद्धा नाही. झिपलाईन खाजगी आहे. गुरुग्रामला स्काय एअर सोसायट्यांमध्ये रोज पार्सल टाकते, तीही खाजगी.

"ड्रोनचा शेअर" म्हणून लोक आयडियाफोर्ज घेतात. चांगली कंपनी आहे, आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ ला काढलेली, पण तिचं काम लष्कर आणि सर्वेक्षणाचं, पार्सलचं नाही. तिचा आयपीओ २०२३ च्या जूनमध्ये ६७२ रुपयांना आला, जुलैत बाजारात पहिल्याच दिवशी १३०० च्या आसपास उघडला, आणि नंतर घसरत इश्यू प्राईसच्याही बराच खाली गेला. ऑर्डर सरकारी, एक वर्ष भरपूर, एक वर्ष कोरडं. ज्यांनी "ड्रोन म्हणजे भविष्य" एवढ्यावर १२०० ला घेतला त्यांचे पैसे अडकले. भविष्य आहे हे मलाही पटतं, पण भविष्य खरं असूनही शेअर महाग असू शकतो. तुमचे पैसे घरचे आहेत म्हणालात, तर शेअरच्या नादानं या विषयात शिरू नका. शिरायचं तर तुम्हाला जे कळतं त्या बाजूनं, म्हणजे माल इकडून तिकडं नेण्याच्या.

अजून एक. ड्रोनच्या नावावर सध्या सगळ्यात जास्त पैसा कोर्स विकणारे करतायत. पायलट व्हायचं असेल तर डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची, मान्यता असलेलीच संस्था बघा, दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण पाहिजेत, बाकी "नोकरीची हमी" वगैरेवर जाऊ नका.

घाटमाथा_७७

एक शंका. गावात लोक काय म्हणतील? खालून उडत गेला की आवाज, वर कॅमेरा, बायका अंगणात असतात. आमच्याकडं मध्यंतरी रात्री आकाशात दिवे दिसले तर गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं, चोर टेहळणी करतायत म्हणून.

ऊस_फवारणी_शिरोळ

हे खरं आहे, हलकं घेऊ नका. मी नव्या गावात गेलो की आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटतो, मग शाळेच्या मैदानात एकदा उडवून दाखवतो, पोरं-म्हातारी सगळी बघून जातात, रिमोट हातात कसा असतो, कॅमेऱ्यात काय दिसतं सगळं. त्यानंतर त्रास होत नाही. रात्री उडवायचं नाही. मार्ग घरांवरनं न्यायचा नाही, नदी-ओढ्याच्या किंवा शेताच्या वरनं न्यायचा, पडला तरी उसात पडेल. आणि उतरायची जागा आरोग्य केंद्राच्या आवारात कुंपण घालून ठेवा, दारात सोडायच्या नादाला लागू नका.

कागल_ट्रान्सपोर्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या प्रपोजलवाल्याला आज फोन केला, नजरेआडच्या परवानगीचा कागद मागितला. म्हणाला कंपनी बघेल ते, तुम्ही टोकन द्या. मी नाही म्हणून सांगितलं. वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला, त्यांना रिटर्न भाड्याची गोष्ट लगेच कळली आणि त्यांनीच विचारलं की डबे किती निघतात ते आधी मोज.

तर आता असं ठरवलंय की २५ लाख कुठं घालायचे नाहीत. आधी गगनबावडा मार्गावर एक छोटी गाडी लावतो, बर्फाच्या पेटीसकट, ठरलेल्या वेळेला सुटणारी. ताई, तुमच्या लॅबसारख्या अजून दोन-चार लॅब आणि होलसेलर मिळाले तर गाडीचाच खर्च निघेल आणि कुठल्या गावातनं किती वजन, किती वाजता, पाण्यानं किती दिवस अडकलं हे सगळं वहीत येईल. ते आकडे हातात आले की ड्रोनचं बोलू. ताई, तुमच्याकडं सकाळी शेवटचं सॅम्पल किती वाजता निघतं? आणि बर्फ किती तास टिकायला पाहिजे?

लॅबवाली

सॅम्पल साडेनऊपर्यंत निघतं, अकराच्या आत मशीनवर गेलं तर उत्तम. पेटी आत २ ते ८ डिग्रीमध्ये राहायला पाहिजे, पण प्रत्येक ट्यूबला थंड चालत नाही, काही साध्या तापमानाला ठेवायच्या असतात, त्यामुळं दोन कप्प्यांची पेटी घ्या. आत तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवा, लॅबवाले तेच आधी विचारतील. मी आमच्या सरांशी बोलते, बाकीच्या लॅबचीही नावं काढून ठेवते.

ऊस_फवारणी_शिरोळ

आणि गाडी चालू झाली की मला एकदा बरोबर घ्या. कळ्यापासून वर कुठं तारा आहेत, कुठं मोबाईलला रेंज नाही, कुठल्या आरोग्य केंद्राचं आवार मोकळं आहे, हे वाटेत लिहून घेतो. पाऊस सुरू व्हायच्या आत जाऊ.